प्रादेशिक जेट विमानें आणि आडवाटेचीं गांवें

चंद्रपुराहून उत्तरेस निघालेली वाट इरई धरणाच्या जलाशयाजवळून जंगलांत शिरते आणि मोहर्ली येथें ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या दाराशीं येऊन पोंचते. गांव लहान, वस्ती बेताची. पण पावसाळ्याचे महिने वगळले तर येथें देशोदेशींचे प्रवासी येत असतात. त्यांतील दूरचे बहुतेक लोक नागपूरपर्यंत विमानानें येतात आणि पुढील सुमारें दीडशें किलोमीटरांचें अंतर मोटारीनें काटतात. मोहर्लीच्या वाटाड्यांची, गाडीवानांची व खाणावळवाल्यांची मिळकत अशा रीतीनें दूरच्या एका धांवपट्टीशीं बांधली गेली आहे. उलट, याच गांवांतील एखाद्या आजाऱ्यास मुंबईस किंवा हैदराबादेस न्यावयाचें झालें, तर त्याच्या घरचीं माणसें प्रथम आगगाडीचें वेळापत्रक पाहतात. विमानाच्या या युगांत असें गांव नेमकें कोठें उभें आहे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. त्याचें उत्तर शोधावयाचें तर लहान विमानांचा, विशेषतः ज्यांस प्रादेशिक जेट विमानें म्हणतात त्यांचा, इतिहास थोडा निरखून पाहिला पाहिजे.

या इतिहासाची पहिली पायरी विदर्भाच्याच भूमीवर सांपडते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एक लहानसें एकइंजिनी विमान अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूच्या मैदानावर आणलें, आणि त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें टपाल पुढें बल्लारीमार्गें मद्रासेस पोंचविलें. त्या काळीं विमान हें मुख्यतः टपालाचें वाहन होतें. उतारूंची सोय हा दुय्यम भाग होता. पुढें स्वातंत्र्यप्राप्तीनंतर दीड वर्षानें, ३० जानेवारी १९४९ रोजीं, रफी अहमद किडवाई हे दळणवळणमंत्री असतांना, रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास या चार शहरांतून रात्रीं चार विमानें सुटत, मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगांव विमानतळावर एकत्र येत, थैल्या व उतारू यांची अदलाबदल करीत आणि उजाडण्याच्या सुमारास आपापल्या शहरीं परत जात.

शाळेंतील मुलासही समजेल असें एक गणित या योजनेच्या मुळाशीं होतें. चार शहरें एकमेकांशीं सरळ जोडावयाचीं तर सहा मार्ग लागतात. मध्यभागीं एक ठिकाण घेतलें कीं चार मार्गांत काम भागतें. शहरांची संख्या जसजशी वाढते तसतशी ही बचत झपाट्यानें वाढत जाते. दहा शहरांस सरळ मार्ग पंचेचाळीस लागतील. मध्यवर्ती ठिकाण घेतल्यास दहा पुरतील. पुढें अमेरिकेंतील मोठमोठ्या विमान कंपन्यांनीं ज्या पद्धतीवर आपला सारा कारभार उभारला, तिचें तत्त्व १९४९ सालीं नागपुरांत डाकोटा विमानांच्या साह्यानें रोज रात्रीं प्रत्यक्षांत उतरत होतें.

याहूनही महत्त्वाची गोष्ट त्याच वर्षीं १ एप्रिलपासून घडली. देशांतील साध्या पत्रांसाठीं विमानाचा वेगळा आकार घेणें टपाल खात्यानें बंद केलें. जेथें विमानानें पत्र लवकर पोंचण्यासारखें असेल तेथें तें नेहमींच्याच तिकिटावर विमानानें जाऊं लागलें. ज्यानें उभ्या आयुष्यांत विमान जवळून पाहिलें नाहीं, त्याचेंही पत्र विमानांत बसूं लागलें. लाभ मिळण्यासाठीं गांवांत धांवपट्टी असावी लागली नाहीं. गांवाचा टपालवाला नागपूरच्या विमानाशीं एका व्यवस्थेनें जोडला गेला, एवढें पुरलें. रात्रीच्या टपालाची ही व्यवस्था थोड्याफार फरकानें सत्तरच्या दशकापर्यंत चालली. तिची ही बाजू ध्यानांत ठेवूनच पुढील इतिहासाकडे वळणें इष्ट आहे.

१९५३ सालीं आठ खासगी विमान कंपन्यांचें राष्ट्रीयीकरण झालें आणि देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्स या महामंडळाकडे आली. त्याच सुमारास जगांत जेट विमानाचें युग उजाडत होतें. २ मे १९५२ रोजीं ब्रिटिश बनावटीच्या कॉमेट विमानानें लंडनहून जोहान्सबर्गकडे उतारू नेले, आणि जेट विमानांची नियमित वाहतूक सुरू झाली. जेट म्हणजे झोत. इंजिनाच्या तोंडानें आंत ओढलेली हवा दाबली जाते, तिच्यांत इंधन जळतें, आणि तप्त वायूंचा झोत मागें फेकला गेला कीं त्याच्या प्रतिक्रियेनें विमान पुढें रेटलें जातें. हीच शक्ति पंखा फिरविण्याकडे लावली म्हणजे टर्बोप्रॉप इंजिन तयार होतें. पहिलें इंजिन उंचावरच्या विरळ हवेंत व मोठ्या वेगांत आपलें काम चोख करतें. दुसरें कमी उंचीवर व मध्यम वेगांत काटकसरीनें चालतें.

या भेदांतच लहान गांवाचें दैव अडकलेलें आहे. जेट विमान ताशीं सुमारें आठशें किलोमीटर, तर आजचें पंख्याचें विमान सुमारें पांचशें किलोमीटर जातें असें धरलें, तर तीनशें किलोमीटरांच्या प्रवासांत जेटमुळें पंधरा मिनिटेंही वाचत नाहींत. नऊशें किलोमीटरांत मात्र चाळीस मिनिटें वाचतात. जवळच्या प्रवासांत जेट विमान उंचीवर पोंचतें न पोंचतें तोंच त्यास उतरूं लागावें लागतें. म्हणजे इंधनाचा मोठा खर्च होतो आणि वेगाचा लाभ पदरीं पडत नाहीं. शिवाय त्यास लांब व पक्की धांवपट्टी लागते. इंडियन एअरलाइन्सनें १९६४ मध्यें फ्रेंच बनावटीचीं कॅराव्हेल जेट विमानें आणलीं आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभीं बोइंग ७३७ घेतलीं. मोठीं शहरें एकमेकांच्या जवळ आलीं. साध्या मैदानावरही उतरणारीं जुनीं डाकोटा विमानें मात्र हळूहळू निवृत्त झालीं, आणि त्यांच्याबरोबर कित्येक लहान स्थानकांचें विमानांशीं असलेलें नातें तुटलें.

मोठ्या जेटचा वेग लहान गांवास मिळावा, ही खटपट अनेक देशांत झाली. सोव्हिएट रशियांत याकोव्लेव्ह यांच्या कारखान्यानें याक-४० हें तीन इंजिनांचें चिमुकलें जेट विमान तयार केलें. तें २१ ऑक्टोबर १९६६ रोजीं प्रथम उडालें आणि १९६८ पासून उतारू वाहूं लागलें. त्यांत सुमारें तीस माणसें बसत. तें कच्च्या मैदानावरही उतरे, आणि त्याच्या शेपटाखालीं स्वतःचीच शिडी असल्यानें स्थानकावर वेगळी सामग्री लागत नसे. असलीं हजारांहून अधिक विमानें बांधलीं गेलीं. पण इंधनाच्या खर्चाची चिंता न करणाऱ्या सरकारी व्यवस्थेंत तीं वाढलीं होतीं, हें विसरतां कामा नये. पश्चिम जर्मनीनें १९७१ मध्यें व्हीएफडब्ल्यू-६१४ हें विमान उडविलें. इंजिनें पंखांच्या वरच्या बाजूस बसविण्याची त्याची कल्पना चतुर होती. परंतु गिऱ्हाईक मिळालें नाहीं आणि अवघ्या एकोणीस विमानांनंतर कारखाना थांबला. ब्रिटनचें चार इंजिनांचें बीएई १४६ हें १९८१ मध्यें उडालें. तें कमी आवाजाचें व आंखूड धांवपट्टीवर उतरणारें म्हणून नांवाजलें गेलें, पण चार इंजिनांची देखभाल ही कंपन्यांस जड वाटे.

या विमानांस खरी बरकत आली ती नव्वदच्या दशकांत, कॅनडा आणि ब्राझील या दोन देशांच्या हातून. कॅनडाच्या कॅनडेअर कारखान्यानें धनिकांच्या खासगी जेटचा सांगाडा लांबवून पन्नास माणसांचें विमान बनविलें. तें १९९१ मध्यें उडालें व १९९२ मध्यें जर्मनीच्या लुफ्तहान्सा सिटीलाइन या कंपनीकडे रुजू झालें. ब्राझीलमध्यें १९६९ सालीं सरकारनें एम्ब्रेअर हा कारखाना स्थापन केला होता. त्यानें आपल्या तीस आसनांच्या ब्राझिलिया या पंख्याच्या विमानाचें धड लांबविलें, शेपटाजवळ दोन जेट इंजिनें बसविलीं, आणि एका बाजूस एक व दुसऱ्या बाजूस दोन अशीं आसनें मांडून पन्नास माणसांचें ईआरजे-१४५ सिद्ध केलें. तें ११ ऑगस्ट १९९५ रोजीं प्रथम उडालें आणि १९९७ मध्यें अमेरिकेंत उतारू वाहूं लागलें. कारखाना कर्जानें जेरीस येऊन १९९४ च्या अखेरीस खासगी मालकीकडे गेला होता; या एका विमानानें त्याचे दिवस पालटले.

अमेरिकेंत या विमानांची झुंबड उडाली, त्याचें कारण नागपूरच्या त्या मध्यरात्रीच्या गणितांत आहे. १९७८ मध्यें तेथील सरकारनें विमान वाहतुकीवरील निर्बंध उठविले, तेव्हां मोठ्या कंपन्यांनीं एकेक मध्यवर्ती शहर धरून आसपासच्या लहान गांवांचे उतारू तेथें गोळा करण्यास आरंभ केला. हें गोळा करण्याचें काम त्या लहान कंपन्यांस कंत्राटानें देत. मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांस आपला रोजगार जाईल अशी धास्ती वाटली, म्हणून त्यांच्या संघटनांनीं करारांत अट घातली कीं कंत्राटी विमानांचा आकार व त्यांची संख्या ठराविक मर्यादेबाहेर जाऊं नये. पुढें अनेक करारांत ही मर्यादा शहात्तर आसनांवर स्थिरावली. एम्ब्रेअरचें पुढचें ई-१७५ हें विमान तेथें शहात्तर आसनांचें म्हणून इतकें खपलें, यांत यंत्रशास्त्राइतकाच मजुरीच्या करारांचाही हात आहे.

पण पन्नास आसनी विमानांचा बहर फार काळ टिकला नाहीं. विमानांत पन्नास माणसें असोत कीं शहात्तर, वैमानिक दोनच लागतात. उतरणावळ, तपासणी, स्थानकावरची माणसें यांचा खर्च आसनांच्या प्रमाणांत कमी होत नाहीं. तो पन्नासांवर वाटला कीं प्रत्येकाच्या वांट्यास अधिक येतो. २००८ च्या जुलैमध्यें खनिज तेलाचा भाव पिंपास १४७ डॉलरपर्यंत चढला, तेव्हां हा हिशेब कोणालाच जुळेना आणि शेंकडों लहान जेट विमानें उभीं करून ठेवण्याची पाळी आली. कॅनडाच्या या विमानांचा धंदा २०२० मध्यें जपानच्या मित्सुबिशी कंपनीनें घेतला आणि २०२१ मध्यें शेवटचें नवें विमान गिऱ्हाइकाच्या हवालीं झालें. मित्सुबिशीनें स्वतःचें प्रादेशिक जेट बनविण्याचा घाट घातला होता. तें विमान २०१५ मध्यें उडालेंही, पण अनेक वर्षांच्या विलंबानंतर २०२३ मध्यें तो उद्योग सोडून देण्यांत आला. विमान आकाशांत उडविणें अवघड खरें. परंतु तें हिशेबाच्या वहींत टिकविणें त्याहून अवघड, असाच अनुभव या साऱ्या देशांस आला.

आपल्या देशांत लहान गांवांसाठीं पहिला मोठा प्रयत्न वायुदूत या सरकारी कंपनीचा होता. १९८१ च्या जानेवारींत ती मुख्यतः ईशान्य भारतासाठीं स्थापन झाली आणि पुढें एकोणीस आसनांच्या डॉर्निअर विमानांनिशीं देशभर पसरली. मार्ग वाढले, तसा तोटाही वाढला. नव्वदच्या दशकांत ती इंडियन एअरलाइन्समध्यें विलीन करण्यांत आली. त्यानंतर सरकारनें करांतून वाट काढली. ऐंशीहून कमी आसनांच्या विमानांस विमानतळावर उतरण्याचा आकार माफ झाला, आणि चाळीस हजार किलोहून हलक्या विमानांच्या इंधनावर विक्रीकराचा दर चार टक्के ठरला. मोठ्या विमानांस कित्येक राज्यांत त्याच्या कितीतरी पट कर पडे. ही सवलत प्रादेशिक जेट विमानांच्या मापाचीच होती.

तिचा आधार घेऊन २००५ मध्यें दक्षिणेंत पॅरामाउंट एअरवेजनें एम्ब्रेअरचीं जेट विमानें आणलीं. ती कंपनी २०१० मध्यें बंद पडली. उत्तरेंत एमडीएलआर या कंपनीनें २००७ मध्यें बीएई १४६ च्याच वंशांतील विमानें उडविलीं व २००९ मध्यें आवरतें घेतलें. विजयवाड्याच्या एअर कोस्टानें ऑक्टोबर २०१३ मध्यें एम्ब्रेअर विमानांनिशीं आरंभ केला. फेब्रुवारी २०१७ मध्यें तीही थांबली. सरकारी कंपनीकडेही सत्तर आसनांचीं कांहीं कॅनेडिअन जेट विमानें कांहीं वर्षें होतीं. प्रत्येकाची कर्मकथा निराळी असली, तरी अशा धंद्याचा कमकुवत सांधा एकच असतो. विमानें भाड्यानें घेतलेलीं, भाडें डॉलरांत द्यावयाचें, आणि उत्पन्न रुपयांत यावयाचें. त्यांतून कंपनीजवळ चारच विमानें असलीं आणि एक दुरुस्तीसाठीं बसलें, कीं वेळापत्रकाचा चौथा हिस्सा कोलमडतो. आणि एकदा वेळापत्रकावरचा विश्वास उडाला म्हणजे उतारू पुन्हां आगगाडीकडे वळतो.

२०१६ मध्यें केंद्र सरकारनें नवें विमान वाहतूक धोरण जाहीर केलें व त्यांतून उडान ही योजना निघाली. सुमारें तासाभराच्या प्रवासास विमानांतील ठराविक आसनांचें भाडें आरंभीं अडीच हजार रुपयांपर्यंत मर्यादित करावयाचें, आणि कंपनीस येणारी तूट सरकारनें तीन वर्षेंपर्यंत भरून द्यावयाची, असा तिचा गाभा होता. त्यासाठीं मोठ्या मार्गांवरील विमानांवर एक लहानशी पट्टी बसविली गेली. म्हणजे मुंबई-दिल्लीच्या उतारूच्या खिशांतून आडगांवच्या उतारूस साह्य देण्याची ही युक्ति होती. २७ एप्रिल २०१७ रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीं शिमल्याहून योजनेचा प्रारंभ केला. त्याच दिवशीं नांदेड-हैदराबाद मार्गही सुरू झाला, आणि मराठी मुलूख योजनेच्या पहिल्याच दिवसाशीं जोडला गेला.

याच काळांत प्रादेशिक जेट विमानांचा एक नवा प्रयोग मराठी माणसाच्या हातून उभा राहिला. कोल्हापूरकडील संजय घोडावत उद्योगसमूहानें स्टार एअर ही कंपनी स्थापन केली आणि २५ जानेवारी २०१९ पासून हुबळीहून ईआरजे-१४५ विमानें उडवूं लागली. बेळगांव, नाशिक, कोल्हापूर अशीं मध्यम शहरें तिनें निवडलीं. बेळगांव ते नाशिक हा प्रवास पूर्वी रात्रभराचा होता. २०२१ मध्यें तो विमानानें तासाभरावर आला. छत्रपति राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत १९३९ मध्यें ज्या कोल्हापूरनें आपला विमानतळ उभारला होता, तेथून २०२२ मध्यें याच कंपनीचें जेट मुंबईस जाऊं लागलें. २०२३ पासून तिनें शहात्तर आसनांचीं ई-१७५ विमानें घेण्यास आरंभ केला. पन्नासांवरून शहात्तरांकडे जाण्याचें अमेरिकेंतील गणित येथेंही लागू पडलें.

या साऱ्या मार्गांत नांदेडचें उदाहरण विशेष बोधप्रद आहे. २०१७ मध्यें तेथें विमान आणणारी ट्रूजेट ही कंपनी २०२२ मध्यें बंद पडली, आणि गांव पुन्हां मोकळें पडलें. मार्च २०२४ च्या अखेरीस स्टार एअरनें नांदेड बेंगळुरूशीं, दिल्लीजवळच्या हिंडनशीं व पंजाबांतील आदमपूरशीं जोडलें. या मार्गाची निवड आंधळी नव्हती. नांदेडास तख्त सचखंड श्रीहजूरसाहिब आहे. पंजाबांतील भाविक तेथें शतकानुशतकें येत आले आहेत. विमानानें ही यात्रा निर्माण केली नाहीं. आधींच चालत असलेल्या यात्रेस तें जाऊन मिळालें. कोल्हापूर आणि गोंदिया येथूनही तिरुपतीस विमानें निघालीं, यामागें हाच धडा आहे. जेथें लोकांस जाण्यायेण्याचें स्वतःचें कारण आहे, तेथें साह्य संपलें तरी विमान टिकण्याचा संभव असतो. जेथें कारण बेताचें, तेथें तीन वर्षांची मुदत हीच विमानाची आयुर्मर्यादा ठरते. सिंधुदुर्गांत चिपी येथें ऑक्टोबर २०२१ मध्यें मोठ्या समारंभानें सुरू झालेलें मुंबईचें विमान तीन वर्षांची मुदत सरल्यावर, २०२४ मध्यें, थांबलें, हें कोंकणी माणूस विसरलेला नाहीं.

आतां विदर्भाकडे वळावें. गोंदियाजवळ बिरसी येथें ब्रिटिशांनीं १९४० मध्यें, महायुद्धाच्या धामधुमींत, धांवपट्टी बांधली. युद्ध संपलें आणि ती पट्टी अनेक दशकें जवळजवळ निजून राहिली. पुढें ती लांबरुंद झाली, वैमानिकांची शाळा आली. परंतु उतारूंचें नियमित विमान येण्यास १३ मार्च २०२२ हा दिवस उजाडावा लागला. फ्लायबिग या कंपनीनें इंदूर-गोंदिया-हैदराबाद असा तो मार्ग सुरू केला होता. तो टिकला नाहीं. १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोच्या पंख्याच्या विमानानें गोंदिया हैदराबाद व तिरुपतीशीं जोडलें गेलें. अमरावतीजवळ बेलोरा येथें १६ एप्रिल २०२५ रोजीं मुंबईचें पहिलें विमान उतरलें. तेथील धांवपट्टी १८५० मीटरांची आहे, आणि विमान पंख्याचें आहे. पट्टीची लांबी व विमानाची जात यांचा संबंध त्यावरून सहज कळतो.

चंद्रपुरास हा संबंध अधिकच काटेकोर आहे. उन्हाळ्यांत तेथील पारा ४७ अंशांच्या घरांत जातो. तापलेली हवा विरळ होते. विरळ हवेंत पंखांस उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो, आणि त्याच विमानास उडण्यासाठीं अधिक लांब धांव घ्यावी लागते. नाहींतर कांहीं आसनें रिकामीं ठेवून निघावें लागतें. शहराजवळ मोरवा येथें लहान धांवपट्टी आहे. पण तिच्या आसपास औष्णिक वीजकेंद्र व कोळशाच्या खाणी पसरल्या आहेत. म्हणून राजुरा तालुक्यांत विहीरगांव-मूर्ती येथें नवा विमानतळ उभारण्याचें योजिलें गेलें. तेथें दुसराच प्रश्न उभा राहिला. त्या बाजूची जमीन जंगलाची, आणि वाघांच्या येण्याजाण्याची वाट त्याच भागांतून जाते, अशी हरकत पुढें आली. वाघ पाहण्यास येणाऱ्यांचे दोन तास वाचविण्यासाठीं वाघाचीच वाट अडवावी काय, असा हा पेंच आहे. कोळसा, सिमेंट, वीज व कागद यांच्या कारखान्यांमुळें चंद्रपुरास उतारूंची अगदींच वाण पडणार नाहीं, हेंही खरें. तेव्हां विमानतळाची मागणी करणाऱ्यांस हंसून चालणार नाहीं. परंतु मोहर्लीचें पोट ज्या वाघावर चालतें, त्या वाघास ताडोब्याची हद्द कळत नाहीं. त्याला एका जंगलांतून दुसऱ्या जंगलांत जावयास वाट लागते, हें त्या मागणीच्या हिशेबांत धरलें पाहिजे.

लहान जेट विमानें बनविण्याचा उद्योगही आतां देशाच्या दाराशीं आला आहे. हिंदुस्थान एअरोनॉटिक्सनें ऑक्टोबर २०२५ मध्यें रशियाच्या कारखान्याशीं एसजे-१०० हें प्रादेशिक जेट येथें तयार करण्याविषयीं प्राथमिक करार केला. याच संस्थेनें साठच्या दशकापासून कानपुरास एव्ह्रो-७४८ हें पंख्याचें उतारू विमान बांधलें होतें. म्हणजे ही वाट तिला सर्वस्वी अनोळखी नाहीं. कारखाना उभा राहील, विमानेंही उडतील. पण याक-४० पासून मित्सुबिशीपर्यंतचा सारा इतिहास सांगतो कीं, विमान बनविणाऱ्याचें कौशल्य त्या विमानांत बसणाऱ्याची गरज निर्माण करूं शकत नाहीं.

मग मोहर्लीसारख्या गांवानें विमानाच्या युगाकडून काय मागावें? १९४९ च्या रात्रीच्या टपालांत याचें उत्तर बरेंचसें आहे. त्या योजनेनें गांवोगांव धांवपट्ट्या बांधल्या नाहींत. तिनें एक मध्यवर्ती ठिकाण निवडलें, वेळा काटेकोर पाळल्या, विमान उतरतांच थैली पुढच्या वाहनांत पडेल अशी सांगड घातली, आणि त्याचा भार पत्र लिहिणाऱ्या गरिबावर टाकला नाहीं. आज नागपूरास देशाच्या बहुतेक मोठ्या शहरांचीं विमानें येतात. त्यांच्या वेळा धरून सोनेगांवाहून चंद्रपूर व मोहर्लीकडे नियमित मोटारगाडी सुटावी, आजाऱ्यास व विद्यार्थ्यास तिच्यांत सवलतीनें जागा मिळावी, परतीच्या गाडीनें विमान चुकूं नये, एवढी सांगड घातली गेली, तर तिचा लाभ विमानांत कधींच न बसणाऱ्यासही पोंचेल. चंद्रपुरास पुढेंमागें विमानतळ झालाच, तर त्याचीही परीक्षा उद्घाटनाच्या दिवशीं होणार नाहीं. साह्याची तीन वर्षें संपल्यावर चवथ्या वर्षींच्या पहिल्या सोमवारीं विमान आलें कीं नाहीं, यावरून ती होईल.

रात्रीं मोहर्लीच्या आकाशांतून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या विमानांचे दिवे दिसतात. खालीं जंगलांत वाघ आपल्या वाटेनें जात असतो, आणि गांवांत वाटाड्याच्या घरीं पहाटेच्या फेरीसाठीं लवकर निजानीज झालेली असते. त्या उंचावरच्या वाहनाचा या घराशीं कांहीं संबंध असावा, ही मागणी अवास्तव नाहीं. पाऊणशें वर्षांपूर्वीं नेहमींच्या तिकिटाच्या एका साध्या पत्रानें तो संबंध एकदा जोडून दाखविला होता.